आजाराचं बारसं

आपल्या गावाचं नाव जगाच्या वैद्यकशास्त्रात जाणार हे कळल्यावर आमच्या इज़बत सियाल या गावाने पहिलं काम कुठलं केलं असेल, तर बॅनर लावला. कालव्याच्या पुलावर, या खांबापासून त्या खांबापर्यंत. ‘प्रोफेसर डॉक्टर वगदी सरहान यांनी आमच्या गावाचं नाव अजरामर केल्याबद्दल त्यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, गावचे उम्दा आणि परिवार.’

बॅनर सकाळी लागला आणि दुपारच्या अजानीच्या आत उतरला. मधल्या वेळात शाळेच्या बाई पुलावर थांबल्या आणि त्यांनी उम्दाला, म्हणजे गावच्या पाटलाला, एवढंच विचारलं, की नाव नेमकं कशाला दिलंय? उम्दा म्हणाला, कसल्याशा शोधाला. बाई म्हणाल्या, शोध आजाराचा आहे, आणि आजार जन्मजात आहे, पिढीतून उतरणारा. गावची उम्देकी सांभाळणाऱ्या त्या माणसाच्या घरात लग्नाच्या दोन मुली. त्याने शिडीची वाट पाहिली नाही, कठड्यावर स्वतः चढला. सत्तरीच्या त्या देहाला इतक्या चपळाईने हलताना मी याआधी एकदाच पाहिलं होतं, विजेच्या मीटरवाला आला होता तेव्हा.

माझं किराणा दुकान पुलाच्या तोंडाशी आहे. गावात काय येतं आणि गावातून काय जातं, ते मला बसल्या जागी कळतं. आणि ज्या घरातून हा आजार निघाला ते घर तर माझ्या भिंतीला भिंत लावून आहे.

त्या घरातली सून कौसर. तिची थोरली मुलगी शुरूक, सात वर्षांची. या मुलीच्या शरीरात एका गुणसूत्राचा तुकडा जादा आहे. बापाच्या, म्हणजे हिलमीच्या रक्तात तोच तुकडा एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसलाय, पण एकूण बेरीज जुळते, म्हणून त्याला कधी काही झालं नाही. मुलीच्या वाट्याला मात्र बेरीज चुकून आली. मान उशिरा धरली, चालायला पाच वर्षं लावली, शब्द बोटावर मोजण्याइतके. हसते मात्र सढळ. आमच्या दमियात जिल्ह्यात सढळ काही मिळणं मुश्कील, तेव्हा ती गोष्ट लगेच डोळ्यांत भरते.

विद्यापीठाच्या इस्पितळात प्रोफेसर सरहानांकडे अशी नऊ मुलं जमली होती, नऊ वेगवेगळ्या गावांतली. सगळ्यांत आधी आलेली शुरूक. त्यामुळे प्रयोगशाळेत तिला ‘सियालची केस’ म्हणायची सवय पडली, आणि पुढच्या प्रत्येक मुलाला ‘आणखी एक सियाल’. तेच नाव कायम करून महिनाअखेरीला प्रोफेसर आपला निबंध परदेशी मासिकाकडे धाडणार होते. त्यांच्या मते त्यांनी गावाला मान दिला होता.

तो मान आधी समाहच्या गळ्यात पडणार होता. समाह ही हिलमीची धाकटी बहीण. दमियात शहरातल्या एका फर्निचरवाल्यांच्या घरी तिचं ठरलं होतं, अंगठ्या झाल्या होत्या, पलंगाला पॉलिश चढत होतं. समाहच्या रक्तात काही नाही, हे प्रोफेसरांनी स्वतः तपासून सांगितलं होतं. पण सोयरिकीत रक्त कोण तपासतो? गाव तपासतात. आजाराचं नाव एकदा सियाल पडलं, की समाहचं मोडणार आणि तिच्यामागून गावातल्या कुठल्याही मुलीचं जुळणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सासूने, हाज्जा तफीदाने, त्याच दुपारी सुनेला समोर उभं केलं. मी उसनी चाळणी परत द्यायला गेले होते, ती हातातच राहिली.

“जा आणि रक्त परत घेऊन ये,” हाज्जा म्हणाली.

“दिलेलं रक्त परत कसं मिळेल, हाज्जा?”

“दिलं कशातून?”

“नळीतून.”

“मग नळीतून आण. आमचं आम्हाला परत करा म्हणावं. नको तुमचा शोध. आजवर बिननावाचं चाललं, पुढेही चालेल.”

“तुमचं चाललं. माझं नाही चाललं.” कौसर आवाज चढवत नाही; तिचा आवाज चढण्याऐवजी सपाट होतो, आणि ते जास्त वाईट. “अपंगांच्या कार्डासाठी तीनदा कमिटीपुढे गेले. तिन्ही वेळा विचारलं, आजाराचं नाव काय? मी कागदावरचे गुणसूत्रांचे आकडे सांगितले. ते म्हणाले, बाई, हा आजार आहे की फोन नंबर? बसमध्ये बायका विचारतात, हिला काय झालंय. मी गप्प बसले की त्या आपापसांत ठरवतात: जिन्नाने झपाटलंय, आईने पाप केलंय. नाव मला पाहिजेच.”

“मग घे. समाहला घरात बसव आणि नाव घे.”

“नाव पाहिजे, आणि सियाल नको. दोन्ही.”

“दोन्ही म्हणे. नवऱ्याला विचारलंस?”

हिलमी दारात चपला शोधत होता. दोन बायकांच्या मध्ये सापडला की त्याच्या चपला नेहमीच हरवतात. तो म्हणाला, “कौसर म्हणते तसं,” मग आईकडे पाहून म्हणाला, “आणि आई म्हणते तसंही,” आणि एका पायात चप्पल घालून वर्कशॉपला निघून गेला.

इस्पितळात तिच्याबरोबर मीच गेले, मुलीला धरायला कुणीतरी हवं म्हणून. प्रोफेसर सरहान हा माणूस वाईट नाही. उंच, नीटनेटका, बोलताना चष्मा काढून पुसतो. ज्या अर्थी तो चष्मा फार पुसत होता, त्या अर्थी बॅनरची हकिकत त्याच्या कानावर गेली होती.

“उम्म शुरूक, मी तर चांगल्या हेतूने,” त्याने सुरुवात केली. इस्पितळात तिला सगळे उम्म शुरूक, म्हणजे शुरूकची आई, म्हणतात. गावात मात्र धाकट्या मुलाच्या नावाने उम्म हेशाम म्हणतात, जणू थोरली जन्मलीच नाही.

“हेतू चांगला आहे, डॉक्टर, म्हणून तर आले. वाईट असता तर वकील आला असता. दुसरं नाव द्या.”

“आकड्यांचं नाव आहे, पण ते डॉक्टरांनाही पाठ होत नाही. माझे सहकारी म्हणतात, सरहान नाव द्या. पण मला ते बरं दिसत नाही.” त्याने चष्मा पुसला. “ते आग्रह करतात, पण मी नको म्हणतो. अर्थात, ही पद्धत जगभर आहे. तरी मी नकोच म्हणतो.”

“तुम्ही तीनदा नको म्हणालात,” कौसर म्हणाली. “आमच्याकडे पाहुण्याने तीनदा नको म्हटलं की त्याला भूक लागलीय असं धरतात.”

प्रोफेसर हसला. हसायला लागला की हा माणूस जरा स्वस्त होतो, ते मी लगेच ओळखलं. कौसरनेही ओळखलं असावं, कारण तिने तिथेच सौदा मांडला.

“नऊही घरांनी मिळून एक नाव दिलं तर?”

तो विचारात पडला. “सगळ्यांनी? एकही नाराज नको. निबंध छापून आल्यावर कुणी तक्रार केली तर माझी मान जाईल. नऊच्या नऊ घरांची एका नावाला संमती मिळाली, तर मी ते घालीन. महिनाअखेर. एक जरी घर अडलं, तर जे सवयीचं आहे ते जाईल.”

“सियाल.”

“सियाल.”

घरी आल्यावर फोन सुरू झाले, आणि खरी अडचण काय आहे ती समजली. अडचण अशी, की प्रत्येक नावाला कुणाचा ना कुणाचा विरोध होता, फक्त सियाल सोडून. सियाल सगळ्यांना चालत होतं. चालणारच, त्यांचं कुणाचं गाव सियाल नव्हतं.

पोर्ट सईदची उम्म यासीन ही सगळ्यांत मोठ्या आवाजाची. तिला तिच्या मुलाचं, यासीनचं, नाव हवं होतं. दसूकचा अबू मीना, म्हणजे मीना नावाच्या मुलाचा बाप, म्हणाला, एका मुलाचं नाव दिलंत तर बाकीचे आठ काय त्याची नक्कल आहेत? तो पेशाने शिंपी, कापड वाया गेलेलं त्याला खपत नाही, म्हणून म्हणाला, “आहे ते नाव धड आहे, नवं कशाला शिवता?” आरीशचे शेख ओवैद फोनवर फक्त ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, “अल्लाह बरं करो.” हे हो आहे की नाही, ते त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नाही.

“उम्म शुरूक, सोड ना,” उम्म यासीन फोनवर म्हणाली. कौसरने फोन कानापासून हातभर लांब धरला होता आणि तिचं बोलणं मला दुकानात ऐकू येत होतं. “सियाल किती गोड वाटतं कानाला.”

“मग पोर्ट सईद ठेवू या. तेही गोड आहे.”

“तोंड धुऊन ये. माझ्या दोन पुतण्या लग्नाच्या आहेत.”

“माझी नणंद आहे.”

पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही. उम्म यासीन गप्प बसणं ही साधी गोष्ट नाही. पण गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, आणि कौसरला नऊ संमत्या हव्या होत्या. फोनवर माणूस नाही म्हणायला मोकळा असतो. ताटावर बसलेला नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानात आली आणि तिने कांदे मागितले, बदकात भरायला लागतात तितके. किती बदकं, ते मी कांद्यांवरूनच ओळखलं.

“कुणाचं लग्न?” मी विचारलं.

“लग्न नाही. सुबूअ.”

सुबूअ म्हणजे जन्मानंतरच्या सातव्या दिवसाचं बारसं. मुलाला चाळणीत घालून हलवायचं, कानाशी पितळी खलबत्ता कुटायचा, घरभर मीठ उधळायचं. आणि नाव ठरत नसेल तर सात मेणबत्त्या लावायच्या, प्रत्येकीला एक नाव द्यायचं. जी शेवटपर्यंत जळेल, ते मुलाचं नाव.

“तुझ्या घरात तान्हं कुठंय?”

“आजार आहे ना. त्याचं नाव ठरत नाहीये.” तिने कांद्याची पिशवी उचलली. “माणसं माझं ऐकत नाहीत. मेणबत्तीचं ऐकतील. मेणबत्तीने कुणाचं नाव टाळलं तर त्याचा अपमान होत नाही.”

जुम्मेच्या नमाजानंतर नऊही घरं आली. बदकाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. उम्म यासीन दारातूनच म्हणाली, “दमियातची माणसं जेवायला बोलावतायत, मला वाटलं फोन चुकून लागला. आधीच सांगा हं, जेवून झोपायचंय की हलक्या पोटी झोपायचंय?” आमच्या कंजूसपणावरचा हा विनोद अख्ख्या इजिप्तमध्ये चालतो आणि आम्हाला तो दर लग्नात एकदा ऐकावा लागतो. हाज्जा तफीदाने तिच्या ताटात बदकाची अख्खी तंगडी ठेवली आणि म्हणाली, “खा आणि पोर्ट सईदला जाऊन सांग. मात्र कोणाला खरं वाटणार नाही.”

मुलं एका रांगेत बसवली होती, कुणी खुर्चीत, कुणी आईच्या मांडीवर. वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या रंगांची, पण तोच बारीक हनुवटीचा चेहरा. अबू मीनाने रांगेवरून नजर फिरवली आणि म्हणाला, “एकाच ताग्यातलं कापड.” नंतर त्याला भलतंच भरून आलं आणि तो पाणी प्यायला गेला.

जेवणं झाल्यावर टेबल पुसलं आणि पहिलं भांडण उभं राहिलं. सुबूअला मधोमध मातीचं भांडं ठेवतात. मुलगा असेल तर तोटीचा इब्रीक, मुलगी असेल तर गोल मानेची सुरई. आता आजाराला काय ठेवायचं?

“बाप्या आहे,” उम्म यासीन म्हणाली. “रात्रभर झोपू देत नाही, दिवसभर काही काम करत नाही, आणि सगळं घर त्याच्याभोवती फिरतं. ठेवा इब्रीक.”

पुरुष मंडळींनी हरकत घेतली नाही. इब्रीक ठेवला.

दुसरं भांडण खरं होतं. मेणबत्त्या माझ्या दुकानातल्या, एकाच पाकिटातल्या, म्हणजे जाड-बारीकचा संशय नको. नावं ठरली. यासीन हे नाव त्याच्या आईने लावलं. सियाल अबू मीनाने लावलं, कौसरकडे न बघता. कुणी अमल लावलं, म्हणजे आशा, त्यावर उम्म यासीन म्हणाली, “प्रत्येक बंद पडलेल्या दवाखान्याचं नाव अमलच असतं.” कुणी डेल्टा म्हणालं, तर बाकीचे म्हणाले, करोनाने ते वापरून टाकलं. तरी लावली. एक प्रोफेसरच्या नावाची, एक आकड्यांची, आणि एक कौसरची, नील नदीच्या नावाची. काडी ओढणार एवढ्यात हाज्जा तफीदा काठी आपटून उठली.

“थांबा. तुम्हाला अक्कल आहे की नाही? जी मेणबत्ती जास्त जळते, ते नाव कशाला ठेवतात? आयुष्य लांबावं म्हणून. आजाराचं आयुष्य लांबवताय? त्याचं नाव ठेवायचं तर जी आधी विझेल तिचं ठेवा. जाऊ दे मेलं लवकर.”

म्हातारीच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. शेख ओवैदांनी मान हलवली, आणि आज पहिल्यांदा त्यांचं हो आहे की नाही ते समजलं.

कौसरच्या हातात काडीपेटी होती. ती म्हणाली, “हाज्जा, तो एकटा नाही जात.”

“काय?”

“आजार. तो यांच्या हाडात आहे, नखात आहे, पापणीत आहे. हिला ताप येतो तसा तो आलेला नाही, की उतरेल. तो जाईल तेव्हा हिला घेऊनच जाईल. त्याची मेणबत्ती विझवायची म्हणता, तर मला सांगा, मी कुणाची विझवू?”

हाज्जा उभीच होती. मग तिने शुरूकच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा जोरातच, आणि म्हणाली, “जास्त जळेल ती.” आणि खाली बसली. मी त्या घरात वीस वर्षं जा-ये करते. सासूने सुनेचं उघड ऐकलेलं मी त्या दिवशीच पाहिलं. व्याजासकट वसूल होईल असं वाटलं होतं, पण झालं नाही.

सात मेणबत्त्या लागल्या. एका पाकिटातल्या असल्या तरी ज्योतीला आपलं आपलं मन असतं. यासीनची वेडीवाकडी वितळत होती. अमल थोडी फडफडली. अर्ध्या उंचीवर आल्यावर सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी बोलत नव्हतं: सगळ्यांत उंच, सगळ्यांत सरळ, थेंबही न गाळता सियाल जळत होती.

समाह स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. अबू मीना टेबलाकडे न बघता स्वतःच्या शिवणीकडे बघत बसला. कौसरनेच हा कायदा केला होता, आणि तो मोडायचा तर कुठल्या तोंडाने?

तिने शुरूकची खुर्ची टेबलाजवळ ओढली. उजेड नीट दिसावा म्हणून, असं ती सांगते. मी काही म्हणत नाही.

या मुलांच्या तोंडाच्या स्नायूंत जोर नसतो. म्हणून बोलायला शिकवणाऱ्या बाई त्यांना आधी फुंकायला शिकवतात. समोर मेणबत्ती ठेवायची, फुंकर मारायला लावायची, विझली की बिस्कीट. दसूकला तेच, पोर्ट सईदला तेच, आरीशला तेच. या आयांनी घराघरांत वर्षानुवर्षं हाच अभ्यास घेतला होता, आणि त्याच आयांनी आज सात मेणबत्त्या पेटवून मुलांना समोर रांगेत बसवलं होतं. एकीच्याही डोक्यात आलं नाही.

शुरूकची खुर्ची पुढे गेलेली पाहिल्यावर यासीनला आपला धडा चुकतोय असं वाटलं. तो आईच्या मांडीवरून झुकला आणि प्रोफेसर सरहानांच्या नावाच्या मेणबत्तीवर पहिली फुंकर मारली. विझली. त्याने बिस्किटासाठी हात पुढे केला. मग मीना उठला. मग आरीशचा मुलगा, जो दिवसभर कुणाकडे बघत नव्हता. शुरूकने गाल फुगवले, डोळे मिटले आणि अशी फुंकली की तिची थुंकी इब्रीकवर उडाली. सियाल कुणाच्या फुंकरीने गेली, यावर आजही दोन मतं आहेत. खोलीत धूर झाला आणि नऊ हात बिस्किटांसाठी पुढे आले.

आधी हाज्जा हसली. मग कुणालाच आवरेना. उम्म यासीन ओढणीने डोळे पुसत म्हणाली, “बाई शिकवतात तर किती नीट शिकवतात बघा.” पण हसू ओसरल्यावर हिशेब उरलाच. अबू मीना म्हणाला, परत लावू. उम्म यासीन म्हणाली, परत लावायची तर नवीन लावा, माझी अर्धी झालीय. कुणी म्हणालं, शेवटचा धूर कोणाचा होता ते बघा. पुन्हा तेच सुरू झालं.

“एक विचारू?” कौसर म्हणाली. “यासीनच्या सातव्या दिवशी कुठे होतीस?”

“मी?” उम्म यासीनचा आवाज खाली आला. “काचेच्या बाहेर. आत पेटीत होता तो, नाकात नळ्या. माझ्या आईने खलबत्ता आणला होता पिशवीत. नर्सने आत सोडला नाही.”

“अबू मीना?”

“तंताच्या इस्पितळात. मशीनवर होता. त्याचा सुबूअ आम्ही नंतर करू म्हणालो.” तो थांबला. “नंतर कोण करतं?”

तिने एकेकाला विचारलं. नऊतल्या एकाही मुलाचा सातवा दिवस घरात झाला नव्हता. पहिल्याच आठवड्यात श्वास अडकायचा. प्रोफेसर त्याला लक्षण म्हणतात. चाळणी माळ्यावर राहिली, मीठ डब्यात राहिलं.

“आकड्यांआधी, गावाआधी, सगळ्यांत सारखं आहे ते हे,” कौसर म्हणाली. “यांचा सुबूअ राहिलाय. तेच नाव ठेवू. सुबूअ. कुणाच्या गावाचं नाही, कुणाच्या मुलाचं नाही. कमिटीत विचारलं, बसमध्ये विचारलं, तर तोंडातून निघेल असं तरी आहे.”

उम्म यासीनने आधी मान हलवली. मुलाच्या नावाचा हट्ट सोडताना तिने यासीनच्या तोंडावरचं बिस्कीट पुसलं, बस. अबू मीना म्हणाला, “बसतं अंगाला.” एकामागून एक घर हो म्हणत गेलं. राहिले शेख ओवैद.

“आमच्याकडे सुबूअ करत नाहीत,” ते म्हणाले. “आमच्या लोकांत मेणबत्त्या नाहीत, चाळणी नाही. जी गोष्ट आमची नाही तिचं नाव माझ्या मुलावर का घालू?”

नऊ हवे होते. आठ म्हणजे सियाल. कौसर टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“बरोबर आहे. नका घालू. फक्त सांगा, तुमच्या मुलाचा सातवा दिवस कुठे गेला?”

म्हातारा मुलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. “रस्त्यावर,” तो शेवटी म्हणाला. “आरीशहून येताना मोठ्या कालव्यावरचा पूल बंद होता. आम्ही अँब्युलन्समध्ये, रांगेत. हा निळा पडत होता. मी खाली उतरून शिपायाच्या पाया पडलो. सूर्य बुडता बुडता सोडलं.”



“मग सातवा दिवस तुमच्याकडेही होता, शेखसाहेब,” कौसर म्हणाली. “आम्ही तो साजरा करतो, तुम्ही करत नाही. पण गेला तो सारखाच.”

शेखांनी मुलाला जवळ ओढलं. मग म्हणाले, “घाल.” आणि यावेळी अल्लाह बरं करो म्हणाले नाहीत.

त्यानंतर हाज्जाने खलबत्ता काढला. सात वर्षांची मुलगी चाळणीत मावत नाही, म्हणून चाळणी तिच्या डोक्यावर धरली. खलबत्त्याचा आवाज पुलापलीकडे गेला असणार, कारण उम्दाने माणूस पाठवून विचारलं, कोणाच्या घरी पाळणा हलला?

प्रोफेसरने फोनवर आधी कुरकुर केली. परदेशातले डॉक्टर विचारतील, सुबूअ म्हणजे काय?

“विचारू द्या,” कौसर म्हणाली. “विचारल्यावर सांगता येतं. सियाल म्हटलं तर कुणी विचारत नाही, नुसतं लांब सरकतात. आणि डॉक्टर, आतमध्येही गावाचं नाव नको. उत्तरेकडचं एक गाव, इतकं पुरे.”

“बरं.” मग जरा थांबून, “माझ्या नावाची मेणबत्ती किती टिकली?”

“सगळ्यांत आधी गेली. यासीनने पहिली तीच निवडली.”

“हुशार मुलगा आहे,” प्रोफेसर म्हणाला. निबंध सुबूअ या नावानेच गेला. पुढच्या खेपेला कमिटीच्या साहेबाने ते नाव यंत्रात घातलं, पडद्यावर काहीतरी आलं, आणि त्याने मान वर न करता शिक्का मारला.

समाहच्या लग्नाआधी नवऱ्यामुलाची आई, मदाम इनायत, पडद्यांचं माप घेण्याच्या निमित्ताने आली. निमित्तच, कारण पडदे तिच्या घराचे होते आणि माप या घराच्या खिडक्यांचं घेत होती. शुरूकला हाज्जाने मागच्या खोलीत बसवलं होतं. चहा झाला, रव्याचा गोड बस्बूसा झाला, आणि मग मदाम इनायतने सहज आवाजात विषय काढला. सहज आवाज काढायला किती मेहनत लागते, ते मला गिऱ्हाइकांमुळे ठाऊक आहे.

“तो एक नवा आजार निघालाय म्हणे, मुलांचा. सुबूअ. माझ्या भावजयीने वाचलं. पोर्ट सईदकडे असतो वाटतं तो?”

हाज्जाचा कप बशीवर वाजला. हिलमी चपला शोधायला लागला. गावाचं नाव कुठेच नव्हतं. कौसरने ते जिद्दीने पुसून काढलं होतं. आता फक्त “असेल बाई” म्हणायचं होतं. हाज्जा ते म्हणणारच होती, तोंड उघडलं होतं.

कौसर उठली, मागच्या खोलीत गेली आणि शुरूकला हाताला धरून चालवत घेऊन आली.

“पोर्ट सईदला आहे, आरीशला आहे, दसूकला आहे,” ती म्हणाली. “आणि आमच्याकडे आहे. ही माझी थोरली. हिला सुबूअ आहे. समाहच्या रक्तात नाही, तपासलंय, कागद हवा असेल तर देते. नाव लपवायला नव्हतं ठेवलं, सांगायला ठेवलंय.”

समाह भिंतीला टेकून उभी होती. मापाची फीत मदाम इनायतच्या मांडीवरून घरंगळत खाली गेली. ती मुलीकडे बघत होती, आणि मुलगी तिच्या ताटलीतल्या बस्बूशाकडे.

“हिला गोड चालतं?” मदाम इनायतने विचारलं.

“चालतं. तुकडा लहान करावा लागतो.”

बाईने चमचा उचलला आणि आपल्या ताटलीतला तुकडा लहान करायला घेतला.